अजिंठ्याचा कित्ता

मराठीतील ‘प्रत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पोथीची प्रत म्हणताना तो नकलेचा वाचक असतो आणि उच्च प्रतीचे कापड म्हणताना दर्जाचा. ‘नक्कल’ या शब्दाचीही अशीच द्विधा अवस्था आहे. तहसील कचेरीत सातबाराची ‘खरी नक्कल’ मागणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नक्कल हे प्रमाण असते. परीक्षागृहात आणि साहित्यसमीक्षेत तोच शब्द आरोप होऊन बसतो. तिसरा शब्द ‘कित्ता’. वळणदार अक्षराचा नमुना समोर ठेवून तो गिरवायचा, हा शिक्षणाचा आरंभ मानला जाई. ‘त्यांनी वडिलांचा कित्ता गिरवला’ असे आपण आजही गौरवाने म्हणतो. मात्र साहित्याच्या वर्गात एखाद्या लेखकाने दुसऱ्याचा कित्ता गिरवला असे म्हटले, तर त्यात गौरव उरत नाही.

हे तिन्ही शब्द एकत्र आणणारी एक घटना एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात घडली. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधले खंड धरून, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत मचाणे बांधून बसत आणि भिंतींवरील बोधिसत्त्व, राजे, राण्या, दासी व याचक यांच्या कॅनव्हासवर तेलरंगात प्रती करीत. अभिजात मनुष्याकृतीची प्रत करीत तेलरंग हाताळण्याचा एवढा दीर्घ अभ्यास आपल्याकडे क्वचितच झाला असेल. त्यातून काय शिकले गेले आणि काय शिकायचे राहून गेले, हा प्रश्न चित्रकारांचा तर आहेच. आमच्या मते तो साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांचाही तितकाच आहे.

या प्रश्नाकडे जाण्याची वाट आम्हांला पुण्यात, येरवड्याला सापडते. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून पुढे वाढलेले डेक्कन कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत आले. त्या इमारतीमागे जमशेटजी जीजीभाई घराण्याची देणगी होती. याच घराण्याचे मूळ पुरुष, पहिले जमशेटजी, यांनी मुंबईत चित्र-शिल्प-कारागिरीची शाळा निघावी म्हणून १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले होते आणि ती शाळा १८५७ मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या घराण्याच्या पैशाने मुंबईचा विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या साच्यांवरून मनुष्याकृती काढू लागला, त्याच घराण्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या छपराखाली पुण्याचा विद्यार्थी इंग्रजी गद्याचे नमुने वाचू लागला. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, त्याच वर्षी कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास गेले. हा केवळ योगायोग आहे. परंतु दोन्हीकडे चाललेली क्रिया एकच होती: परक्या साधनाचा कित्ता गिरवून स्वतःचे काही घडवता येईल काय, याची परीक्षा.

कलाशाळेतील शिक्षणाची रीत लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनहून आलेली होती. प्रथम सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग भूमितीय घन, मग प्लास्टरचे साचे, मग छाया-प्रकाश, अशा तिच्या पायऱ्या होत्या. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या आपल्यापैकी अनेकांना या शिस्तीची शेवटची झुळूक ओळखीची वाटेल. जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास करण्याचा रीतसर वर्ग मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९-२० च्या सुमारास उभा राहिला. तोवर अभिजात देह म्हणजे पांढऱ्या प्लास्टरमधील ग्रीक देह, असे समीकरण होते. त्या देहाला रंग नव्हता, त्याच्या डोळ्यांत बुबुळ नव्हते आणि त्याच्यावर खिडकीतून एका बाजूनेच प्रकाश पडत असे. याच शाळेत १८९० मध्ये शिकायला आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिले. मराठी गद्यात कलाशिक्षणाची एवढी तपशीलवार साक्ष विरळा आहे.

ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईला आले. विद्यार्थ्यांना ग्रीक साच्यांबरोबर त्यांच्याच भूमीतील अभिजात मनुष्याकृती दाखवावी, त्यांतून भित्तिचित्रण आणि सजावट यांचे नवे वळण पडावे, असा त्यांचा हेतू होता. अजिंठ्याच्या प्रती करणारे ते पहिले नव्हते. १८१९ मध्ये मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला लेणी दिसल्यानंतर, १८४४ मध्ये त्याच फौजेतील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. गिल यांनी पुढची अनेक वर्षे त्या दरीत काढली आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात प्रती केल्या. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना ३० डिसेंबर १८६६ रोजी आग लागली आणि चार-पाच वगळता सगळ्या जळाल्या. मराठी वाचकाला गिल ठाऊक आहेत ते पारोमुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ आणि त्यावरून २०१२ मध्ये आलेला चित्रपट यांनी त्या प्रेमकथेला आपल्या स्मृतीत घर दिले. ते योग्यच झाले. परंतु गिल यांच्यानंतर त्याच अंधारात तेरा वर्षे ये-जा करणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्यांना त्या स्मृतीत जागा मिळाली नाही. त्यांच्यापैकी पेस्तनजी बोमनजी यांचे नाव कलेच्या इतिहासात ठळकपणे येते. इतरांची नावे प्रतींच्या नोंदींत विखुरलेली आहेत.

आता हे विद्यार्थी प्रत्यक्षात काय करीत होते ते पाहू. अजिंठ्याची उत्तरकालीन चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक काळातील आहेत. खडकाच्या खडबडीत पृष्ठावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा; त्यावर चुन्याचा पातळ हात; त्यावर गेरूने रेखाटन; मग गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि मोजक्या ठिकाणी बाहेरदेशाहून येणारा राजवर्ती निळा, अशी रंगसंगती. रंग ओल्या चुन्यात मुरवलेले नाहीत. कोरड्या पृष्ठावर चिकट माध्यमात बांधून लावलेले आहेत, हे नंतरच्या रासायनिक अभ्यासांनी दाखवले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंग भरून झाल्यावर चित्रकार पुन्हा रेषेकडे वळतो. भुवईची कमान, पापणीची कड, बोटांची वळणे तो शेवटच्या रेषेने ठरवतो. रेषेने आरंभ होतो आणि रेषेनेच समाप्ती.

तेलरंगाचा क्रम याच्या अगदी उलट आहे. ताणलेल्या कापडावर सरसाचा हात, त्यावर पांढरा लेप. कोळशाने आकृती उतरवून घ्यायची, तपकिरी पातळ रंगाने छाया बसवायच्या, मग मधले रंग आणि शेवटी उजेडाच्या जागी जाड रंग. पातळ थरावर जाड थर, हा त्यातला नियम. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सावकाश वाळतो, त्यामुळे एक छटा दुसरीत विरघळवता येते. गाल हळूहळू गोलाई धरतो, हनुवटीची कड अंधारात विरते. ही तेलरंगाची श्रीमंती आहे. परंतु या क्रमात मूळची रेषा पहिल्याच टप्प्यावर थराखाली पुरली जाते आणि पुन्हा वर येत नाही. तेलाचा रंग दाट असल्याने एका दमात ओढलेली लांब रेषा कुंचल्याला सहज देताही येत नाही.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण यावरून ध्यानात येईल. ही आकृती किंचित वाकलेली, हातात निळे कमळ, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. तिच्या अंगावरील उजेड कोणत्याही एका दिशेने येत नाही. नाकाच्या दांड्यावरील फिकट पट्टा हा खिडकीतला प्रकाश नाही, तो उंचवट्याचा संकेत आहे. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्राने छाया देण्याच्या तीन वर्तना सांगितल्या आहेत. त्यांचा संबंध आकार उठवण्याशी आहे, दिवसाच्या वेळेशी नाही. प्लास्टरच्या साच्यांवर वाढलेला डोळा मात्र प्रत्येक छायेमागे एक खिडकी शोधतो. त्यामुळे तेलात प्रत करणारा विद्यार्थी प्रत्येक क्षणी भाषांतर करीत होता. रेषेतले वाक्य त्याला छटेत म्हणायचे होते. संस्कृतातील समास मराठीत सोडवताना अर्थ येतो आणि आवळलेपण जाते, तसाच हा व्यवहार. भाषांतर केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की दोन भाषांतील अंतर वाचून कळत नाही, तेच वाक्य दुसरीकडे नेताना कळते. रेषा म्हणजे काय हे त्या विद्यार्थ्यांना तेलरंगातच सर्वांत तीव्रतेने कळले असणार, कारण तेथे ती हातातून निसटत होती.

प्रत म्हणजे वाचन, आणि वाचन म्हटले की पाठभेद आलाच. सोळाव्या लेण्यातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आसनावर एक स्त्री रेलली आहे, मान कलली आहे, मागून दासीने तिला सावरले आहे, भोवतीच्या स्त्रिया चिंतेने पाहत आहेत. एकोणिसाव्या शतकात या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव मिळाले. ग्रिफिथ्स यांनी त्यातील करुणेची फार वाखाणणी केली आणि इटलीच्या महान चित्रकारांशी तुलना करण्यापर्यंत ते गेले. पुढील अभ्यासकांनी शेजारच्या आकृत्यांचा आणि हाती मुकुट घेऊन आलेल्या सेवकाचा संबंध जुळवून दाखवले की ही कथा बुद्धाचा भाऊ नंद याची आहे. नंदाने संसार सोडल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट घरी आला आहे आणि त्याची पत्नी, जनपदकल्याणी सुंदरी, मूर्च्छित झाली आहे. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यामुळे ही कथा संस्कृतच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. म्हणजे ही स्त्री मरत नाही. तिला जगायचे आहे आणि तेच तिचे दुःख आहे. मृत्युशय्येच्या चित्रांवर पोसलेल्या व्हिक्टोरियन अभिरुचीने विरहाचा पाठ मृत्यूचा म्हणून वाचला. हात अचूक चालला, वाचन चुकले. अचूक प्रत आणि योग्य पाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

याहून अवघड कोडे पेस्तनजी बोमनजी यांचे. १८५१ मध्ये जन्मलेले पेस्तनजी लहानपणीच कलाशाळेत आले, अजिंठ्याच्या कामात ते ग्रिफिथ्स यांचे प्रमुख सहायक होते आणि त्या कामात त्यांची उमेदीची वर्षे गेली. दरम्यान दिल्ली दरबाराचे चित्र करण्यासाठी आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराचे मार्गदर्शन त्यांना मुंबईत मिळाले. पुढे त्यांनी स्वतःची म्हणून जी चित्रे केली, ती पारशी घरांतील आहेत: पोपटाला खाऊ घालणारी स्त्री, विसावलेली स्त्री, वडीलधारी माणसे. त्यांतील मंद उजेड, काळोखी पार्श्वभूमी आणि वस्त्रांचा पोत पाहून डच चित्रकारांची आठवण होते. अजिंठ्याची मात्र होत नाही. एखाद्या ग्रंथाच्या प्रती करण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याच्या स्वतःच्या लेखनात त्या ग्रंथाचा एकही शब्द सापडू नये, असे हे आहे.

यावर दोन उत्तरे सहज सुचतात. वसाहतीच्या शिक्षणाने त्यांचे डोळे बांधले होते, हे पहिले. मनुष्याला जे आवडते तेच तो काढतो, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत पेस्तनजी हा माणूस हरवतो. आमचे उत्तर निराळे आहे. अजिंठ्यात पेस्तनजींना काम दिले गेले होते, प्रश्न दिला गेला नव्हता. अमुक भिंत, अमुक माप, होईल तितकी हुबेहूब प्रत, असे ते नेमून दिलेले काम. त्यात स्वतःचे मत उमटणे हा दोष ठरला असता. शाळेच्या विचारात अजिंठा ‘सजावट’ या खात्यात जमा होता. ‘चित्र’ या खात्यात युरोपीय तेलरंग होता. पेस्तनजींनी दोन्ही खाती प्रामाणिकपणे वेगळी ठेवली. ‘या भिंतीचे तुझ्या चित्राशी काय नाते?’ असा प्रश्न त्यांच्या शिक्षणाच्या चौकटीतच नव्हता.

हाच प्रश्न बरोबर घेऊन जाणाऱ्यांचे काय झाले तेही पाहावे. १९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीने अजिंठ्याच्या प्रती करण्याचे काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती तरुण तिच्या मदतीस आले. त्यांचे काम ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या मानाने थोड्या काळाचे होते. परंतु स्वदेशीच्या चळवळीने आणि अवनींद्रनाथांच्या शिकवणुकीने त्यांच्या मनात आधीच एक प्रश्न पेरला होता: आपली रेषा कोणती? नंदलालांच्या पुढच्या कामात अजिंठा शेवटपर्यंत वाहत राहिला. अमृता शेर-गिल हिची गोष्ट आणखी वेगळी. पॅरिसमध्ये जिवंत माणसावरून तेलरंग शिकून आलेल्या अमृताने १९३६-३७ च्या प्रवासात अजिंठा पाहिला. ती मचाण बांधून वर्षानुवर्षे तेथे बसली नाही. तरी १९३७ मधील तिच्या दक्षिण भारतीय चित्रत्रयीत, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘वधूचा शृंगार’ ही चित्रे ज्यात आहेत तीत, अजिंठ्याचे घनगंभीर देह तेलरंगात उतरले. अजिंठा आणि तेलरंग यांचा जो संयोग पेस्तनजींच्या हातून व्हायचा होता, तो पन्नास वर्षांनी एका पाहुणीच्या हातून झाला. नकलेतून किती शिकता येते हे नकलेत घालवलेल्या वर्षांवर ठरत नाही, बरोबर नेलेल्या प्रश्नावर ठरते, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो.

निष्कर्ष खरा आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा भाग या कथेतील दोन आगींशी आणि एका वार्निशाशी निगडित आहे.

कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी सुमारे तीनशे प्रती केल्या. त्या लंडनला साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेल्या आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. दीडशेहून अधिक वाचल्या. त्याच संस्थेच्या, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या, ताब्यात त्या आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला, त्याचा आधार हेच काम. इकडे भिंतीवरील मूळ चित्रे झिजत होती. वटवाघळे, ओल, कीड, पाहुण्यांनी कोरलेली नावे ही कारणे आहेतच. पण प्रती करणाऱ्यांचाही त्यात वाटा होता. अंधुक झालेले रंग उजळून दिसावेत म्हणून गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले. काही काळ रंग खुलले, मग ते वार्निश पिवळे पडले, तडकले आणि चित्राला बरोबर ओढू लागले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून संवर्धक बोलावले; त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या लेपाचेही पुढे काळवंडणे झाले. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे थर उतरवण्याचे काम दशकानुदशके करावे लागले. वाचण्याच्या उत्साहात वाचकाने पोथीच्या पानांना तेल लावावे, तसे हे झाले. नकलेची ही किंमत सांगितल्यावाचून नकलेचा गौरव करू नये.

परिणाम असा की, भिंतीवरून जे गेले ते काही ठिकाणी आता फक्त प्रतीत आहे. आणि ज्या प्रतीत प्रत करणाऱ्याने स्वतःला शून्य केले, तीच इतिहासाला अधिक उपयोगी पडते. मनात प्रश्न घेऊन गेलेला चित्रकार निवड करतो. आवडलेली आकृती घेतो, नको ती सोडतो, रेषेला आपले वळण देतो. त्याची प्रत हे त्याचे स्वतःचे चित्र होऊ लागते. नेमून दिलेले काम करणारा विद्यार्थी भिंतीचा कोपरा, अर्धी उडालेली दासी, पुसट झालेला खांब हेही उतरवतो. कलेच्या दृष्टीने ज्या वृत्तीने पेस्तनजींचे नुकसान केले, त्याच वृत्तीने आपल्याला साक्षीपुरावा दिला.

येथे येरवड्याकडे पुन्हा वळणे भाग आहे. सरकारने जमवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे जाईपर्यंत डेक्कन कॉलेजातच होता. १९३९ मध्ये कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा तेथे आलेल्या सु. मं. कत्रे यांनी भारतीय पाठचिकित्सेची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखनिक कोठे व का चुकतो, सारख्या अक्षरांत कसा फसतो, ओळ कशी गाळतो, आणि ‘सुधारणा’ करणारा विद्वान लेखनिक भोळ्या लेखनिकापेक्षा अधिक धोकादायक का असतो, हे या शास्त्राचे प्रश्न आहेत. याच संस्थेत पुढे म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञाने अजिंठ्याचा सांस्कृतिक अंगाने अभ्यास केला. अजिंठ्याच्या प्रतींकडे पाठचिकित्सेच्या डोळ्यांनी पाहिले, तर चित्र स्पष्ट होते. भिंत ही एकमेव मूळ पोथी, तीही गळणाऱ्या पानांची. गिल, ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम यांच्या प्रती आणि गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छापलेले छायाचित्रांचे खंड ही तिची साधने. प्रत्येकाचा काळ वेगळा, माध्यम वेगळे, दोष वेगळे. तेलरंगाची प्रत काळोख वाढवते. हे ठाऊक असले की तो दोष वजा करून वाचता येते.

मराठीला ही दृष्टी नवी नाही. जुन्या मराठीत ‘लेखक’ म्हणजे लिहून घेणारा, प्रत करणारा. पोथीच्या अखेरीस, जसे समोर होते तसे उतरवले, दोष माझा मानू नये, असे सांगून तो बाजूला होत असे. हे त्याचे पेस्तनजीपण. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. तेव्हा ते नवशिके नव्हते. एकादश स्कंधावरील त्यांचे भागवत १५७३ मध्येच पूर्ण झाले होते. ज्याला स्वतःची ओवी रचता येत होती, त्याने दुसऱ्याच्या ओवीपुढे स्वतःला आवरले. प्रश्न आणि शून्यता या दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, कालांतराने नव्हे तर एकाच वेळी, याचा हा पुरावा. आधुनिक काळात पाहायचे, तर जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी सुरू केलेले भाषांतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुरे केले. इंग्रजी वाक्याचा पल्ला, त्यातील तोल आणि उपवाक्यांची चढण त्यांच्या हाताखालून गेली. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ निघाली, तेव्हा तो पल्ला मराठीचा झाला होता. पेस्तनजींनी दोन खाती वेगळी ठेवली; चिपळूणकरांनी ती एकत्र केली, कारण ‘मराठी गद्य कसे असावे’ हा प्रश्न त्यांनी येरवड्याच्या वर्गात नेमून दिलेल्या अभ्यासाबाहेर स्वतःच उचलला होता. चित्रांकडेही त्यांचे लक्ष होते. १८७८ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या चित्रशाळेचे ते एक संस्थापक.

आजच्या एम.ए.च्या वर्गात नक्कल दोनच रूपांत उरली आहे: मार्गदर्शिकेतून उत्तरपत्रिकेत उतरवलेला मजकूर, आणि प्रबंध तपासणाऱ्या संगणकाने दाखवलेले साम्याचे टक्के. पहिलीत प्रश्नही नसतो आणि शून्यताही नसते. दुसरीत फक्त भीती असते. या दोहोंच्या पलीकडे कित्ता नावाची एक शिस्त होती, हे आमचे विद्यार्थी विसरले आहेत, कारण आम्ही शिक्षकांनी अभ्यासक्रमातून तिला निरोप दिला. एखादा उतारा स्वहस्ते उतरवून काढणे, मग तोच वेगळ्या भाषेत किंवा वेगळ्या वृत्तात नेऊन पाहणे आणि कोठे हात अडला त्याची टीप ठेवणे, यासाठी खर्च नाही, साधने नाहीत, परवानगीही लागत नाही. हात जेथे अडतो तेथे मूळ लेखकाची रेषा असते.

अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेल्या त्या विद्यार्थ्यांना हात कोठे अडला ते सांगायला कोणी विचारले नाही. त्यांच्या प्रती लंडनला गेल्या, काही जळाल्या, काही उरल्या; त्यांच्या टिपा कोणी मागितल्या नाहीत. आपल्या वर्गात आपण तेवढे तरी विचारू शकतो.